आमच्या गटातला ऑक्सिजन

संगणक कक्षाच्या दाराबाहेर चपला काढाव्या लागत. शाळेत दुसरीकडे कुठेच हा नियम नव्हता, अगदी सरस्वतीच्या तसबिरीसमोरसुद्धा नाही. आत फरशीवर निळं जाजम होतं, खिडक्यांना जाड पडदे होते आणि प्रत्येक संगणकावर फुलाफुलांच्या प्लॅस्टिकचं झाकण होतं, कडेला शिलाई मारलेलं. चपलांबरोबर व्हायरस आत येतो, अशी मुलांची पक्की समजूत होती. ती संगणकाच्या सरांनीच पसरवली होती. मला वाटतं, त्यांचा स्वतःचाही तिच्यावर निम्माशिम्मा विश्वास असावा.

त्या खोलीत मला बोलता यायचं, म्हणून ती अजून आठवते.

नववीच्या विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी मी आले. विरार स्टेशनच्या पश्चिमेला, बाजारामागच्या गल्लीत ती मराठी शाळा होती. मी नुकतीच बी.एड. झाले होते. माझं सगळं शिक्षण वसईच्या इंग्रजी शाळेत झालं होतं. घरी आम्ही मराठीच बोलत असू, पण घरी कोणी रसायनशास्त्र बोलत नाही. डोक्यात सगळं व्हॅलन्सी, बाँड, मॉलिक्यूल असंच बसलेलं. आता पाठ्यपुस्तकात संयुजा होती, सहसंयुज बंध होते. ‘संयुजा’ हा शब्द मला कितीतरी दिवस एखाद्या मुलीच्या नावासारखा वाटायचा. सकाळी केस विंचरताना मी आरशासमोर पुटपुटायचे, “कार्बनची संयुजा चार.” आई स्वयंपाकघरातून विचारायची, “कोण गं ती?”

त्यात मी मुळात बुजरी. वर्गात शिरलं की साठ-सत्तर डोळे आपल्यावर येतात, त्यांचं काय करायचं हे बी.एड.मध्ये कोणी शिकवत नाही. पहिल्या महिन्यात मी मुलांपेक्षा फळ्याशीच जास्त बोलले. फळ्यावर पाण्याचा रेणू काढायचे: मधे ओ, दोन बाजूंना एच, मधे दोन रेघा. मुलं निमूट उतरवून घ्यायची. एकदा शेवटच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. अर्नाळ्याची होती ती. तिची आई विरारच्या बाजारात मासे विकायला बसायची, आणि ही तिच्याबरोबर सकाळच्या एसटीने यायची. वर्गात सगळ्यांत उंच, आणि प्रश्न मनात आला की तो दाबून ठेवणं तिला जमत नसे.

“बाई, पानी असं सपाट असतं?”

“सपाट म्हणजे?”

“म्हंजे ह्या रेघा. पान्यात खरंच रेघा असतात का?”

वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं आणि पुन्हा फळ्याकडे वळले. उत्तर मला येत होतं, पण ते इंग्रजीत येत होतं आणि माझी पाठ वर्गाकडे होती.

कॉलेजच्या मैत्रिणीने मला एक सीडी दिली होती. रेणू दाखवणारा एक प्रोग्रॅम होता तो. काळ्या पडद्यावर रंगीत गोळे एकमेकांना चिकटलेले दिसायचे, माउस फिरवला की तेही गरकन फिरायचे. वरून, खालून, मागून, हवं तसं बघता यायचं. पाणी, अमोनिया, साखर, कितीतरी. कॉलेजात मी तो पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं होतं की रेणूला पाठ असते, पोट असतं, आणि तो सपाट नसतो. ती सीडी पर्समध्ये घालून मी कितीतरी दिवस शाळेत नेली आणि तशीच परत आणली. मग एक दिवस मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंच्या खोलीसमोर जाऊन उभी राहिले.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. खळ घातलेली सुती साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. त्या वरच्या वर्गांना भूगोल शिकवायच्या आणि नकाशा दाखवायची छडी कायम हाताशी असायची. ती छडी कोणाला लागल्याचं मी कधी पाहिलं नाही, पण ती नुसती टेबलावर असली तरी बोलणं थोडक्यात उरकावंसं वाटायचं.

“कॉम्प्युटरवर रसायन?” त्या म्हणाल्या. “अहो, ती यंत्रं कॉम्प्युटर शिकण्यासाठी घेतलीत.”

मी काहीच बोलले नाही. माझ्या गप्प बसण्याला लोक कधी कधी ठामपणा समजतात. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाल्या, “बरं. गुरुवारचा शेवटचा तास. घटक चाचणीपर्यंत बघू. पोरांना काही कळलं तर ठेवू, नाहीतर खडू आहेच.”

संगणकाच्या सरांना हे मुळीच आवडलं नाही. ते बाहेरच्या क्लासकडून नेमलेले होते, अंगाने किरकोळ, आणि खोलीची किल्ली जानव्यासारखी गळ्यात घालायचे. “मॅडम, बाहेरची सीडी आहे. काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

“माझी,” मी म्हणाले. ते एवढं सोपं नव्हतं, पण तो शब्द छोटा होता.

पहिल्या गुरुवारी पडदे ओढलेले, दिवे बंद, आणि सहा पडद्यांवर सहा पाण्याचे रेणू: मधे मोठा लाल ऑक्सिजन, वर दोन लहान पांढरे हायड्रोजन. मुलं एकेका संगणकाभोवती दाटीवाटीने बसली. कोणी म्हणालं, “याला कान आहेत!” कोणी म्हणालं, “सशाचं डोकं.” मनवेलपाड्यातून पूल ओलांडून येणारी चार पोरं एकाच माउससाठी भांडत होती.

“ए, फिरव ना. मागून दाखव.”

“थांब रे, चक्कर येईल त्याला.”

अर्नाळ्याच्या मुलीने माउस हाती घेतला आणि रेणू अगदी हळू, होडी वळवावी तसा फिरवला. “बाई, हे सरळ नाय. वाकलंय.”

“वाकलेलाच असतो तो,” मी म्हणाले. मग मी बोलतच राहिले. का वाकलेला, कुठे वाकलेला, सरळ असता तर काय झालं असतं. अंधारात सगळे डोळे पडद्याकडे होते, माझ्याकडे एकही नव्हता. मराठी शब्द अडला की मी बोट दाखवायचे आणि मुलं तो शब्द पुरवायची. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ आपण न थांबता बोललोय. घसा कोरडा पडला होता. बाहेर येऊन मी घटाघट पाणी प्यायले आणि पिता पिता स्वतःशीच हसले, कारण पेल्यात मला कान दिसत होते.

त्यानंतरचे गुरुवार माझे सणावारासारखे गेले. मिथेन झाला, निळ्या नायट्रोजनचा अमोनिया झाला, कार्बन डायऑक्साइड झाला. गंधकाच्या अणूंचं कडं दाखवलं, पिवळंधमक. ते पाहून मुलांनी टाळ्या वाजवल्या. बुधवारी संध्याकाळी मी साडीला इस्त्री करताना गाणं गुणगुणायला लागले, हे आईने पाहिलं आणि काही विचारलं नाही. ती माझीच आई.

मग घटक चाचणी आली. प्रश्न मीच काढला होता, साधा, पुस्तकातला: ऑक्सिजन वायूचे भौतिक गुणधर्म लिहा. पुस्तकातलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. रंगहीन, गंधहीन, चवहीन.

पेपर मी घरी जेवणाच्या टेबलावर तपासायला घेतले. आई शेजारी वालपापडीच्या शिरा काढत बसली होती. पहिल्या पेपरात होतं, ‘ऑक्सिजन लाल रंगाचा व गोल असतो.’ मी हसले आणि फुली मारली. दुसऱ्यात, ‘ऑक्सिजनचा रंग लाल असून तो हायड्रोजनपेक्षा मोठा असतो.’ तिसऱ्यात, ‘ऑक्सिजन लाल असतो. म्हणून रक्त लाल असते.’ मी हसायची थांबले. पुढे सगळा गठ्ठा तसाच. जी मुलं गेल्या वर्षापर्यंत रंगहीन, गंधहीन असं बिनचूक घोकून लिहीत होती, त्यांनी ते खोडून वर लाल लिहिलं होतं. एकाने तर लाल पेन्सिलीने गोळा काढून दाखवला होता, बाजूला सही केल्यासारखा.

आणि अर्नाळ्याच्या मुलीने ऑक्सिजनवर न थांबता पुढे लिहिलं होतं: ‘हवेत नायट्रोजन सर्वात जास्त आहे व नायट्रोजन निळा आहे. यावरून आकाश निळे का दिसते ते समजते.’

मी ते आईला वाचून दाखवलं. आईने हातातली शेंग खाली ठेवली. “चूक आहे?”

“पूर्ण चूक.”

“अगंबाई. मला तर पटलं.” मग शेंग उचलून म्हणाली, “पण पोरीने डोकं चालवलं की. तू नववीत असताना नुसती घोकायचीस. एक प्रश्न विचारायची नाहीस.”

ते खरं होतं, आणि त्या वेळी मुळीच उपयोगाचं नव्हतं. प्रत्येक चाचणीनंतर मोठ्या बाई सगळ्या गठ्ठ्यांतले काही पेपर काढून बघतात, हे मला माहीत होतं.

त्यांनी मला बोलावलं तेव्हा तो पेपर त्यांच्या समोरच होता. चष्मा नाकावर ओढून त्यांनी सगळं उत्तर मोठ्याने वाचलं, बातम्या देतात तशा आवाजात.

“हे तुम्ही शिकवलंत?”

“नाही.”

“मग कोणी?”

“तिने… तिने स्वतःच काढलं.”

“वा. आपल्याकडे शास्त्रज्ञ तयार होतायत आणि मला कोणी सांगितलं नाही.” त्यांनी पेपर खाली ठेवला. “अहो, फळ्यावर शिकवलं असतं तर ऑक्सिजन पांढरा झाला असता, निदान खडूचा तरी. हे लाल-निळं कुठून आलं?”

रंग ओळखू येण्यासाठी दिलेले असतात, हे सांगायचं होतं. मला ते इतकं उघड वाटलं होतं की वर्गात एकदाही सांगितलं नव्हतं. मी खाली बघायचं टाळत समोर बघत होते, आणि समोर, मोठ्या बाईंच्या खुर्चीमागे, महाराष्ट्राचा नकाशा होता. त्यांचा लाडका, कापडावर चिकटवलेला, कडा झिजलेल्या. आमचा तेव्हाचा ठाणे जिल्हा त्यात गुलाबी होता. शेजारी नाशिक पिवळा, खाली रायगड हिरवा. मी त्या गुलाबी तुकड्याकडे बघत राहिले आणि माझ्या मनात एक वाक्य तयार झालं, अगदी पूर्ण, कर्ता, कर्म, क्रियापद. ते ओठांपर्यंत आलं. मी म्हणाले, “हो बाई.”

“हो काय?”

“चुकलं.”

त्या जरा मवाळल्या. “येत्या गुरुवारी मी येते तुमच्या तासाला. एकच प्रश्न विचारीन, ऑक्सिजनचा रंग कोणता. पोरं लाल म्हणाली, की रसायन वर्गात आणि किल्ली सरांकडे. ठीक?”

संगणकाच्या सरांपर्यंत ही बातमी माझ्या आधी पोचली होती. आतून त्यांना आनंद झाला असणार, पण माणूस वाईट नव्हता. “त्यात काय, मॅडम,” ते म्हणाले. “पाठ करून घ्या. बाईंनी विचारलं, की सगळ्यांनी एका सुरात, रंगहीन! दोन मिनिटांचं काम.”

खरंच दोन मिनिटांचं काम होतं. बाकी कुठल्याही तासाला मी ते करून घेऊ शकले असते. पण मुलं तोंडाने रंगहीन म्हणणार आणि डोळ्यांसमोर लाल गोळा धरून बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी स्वतः अशीच शिकले होते. तोंडात एक, डोक्यात काहीच नाही. यांच्या डोक्यात निदान काहीतरी होतं.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी सरांना खोली उघडायला लावली. ते कोपऱ्यात डबा खात बसले आणि मी प्रोग्रॅम उघडला. वर मेनूची एक रांग होती. ज्याची गरज नाही तो मेनू मी कधी उघडत नसे. उगाच काही बिघडलं तर, या धास्तीने. त्या दिवशी एकेक उघडत गेले. तिसऱ्या की चौथ्यात ‘कलर’ होतं. मी ऑक्सिजनवर टिचकी मारली, रंगांची पेटी उघडली, हिरव्यावर टिचकी मारली. पाण्याच्या रेणूचं डोकं कच्च्या कैरीसारखं हिरवं झालं. कारण नसताना मी मागे वळून पाहिलं. सर भेंडीत गुंतले होते.

गुरुवार उजाडला. चपला बाहेर, पडदे ओढलेले. मोठ्या बाईंचा पत्ता नव्हता. मुलांना पेपर मिळालेले होते आणि सगळ्यांची तोंडं फुगलेली.

“बाई, आम्ही डोळ्यांनी बघितलं. लालच होता.”

“आणि गंधक?” अर्नाळ्याची मुलगी उभी राहिली. “ते पन इथं पिवळं होतं, आणि तुम्ही बाटलीत दाखवलं ते पन पिवळंच. मग ते खरं आणि हे खोटं, असं कसं?”

प्रश्न बरोबर होता. “ज्याने हे रंग ठरवले,” मी म्हणाले, “त्याने काही ठिकाणी बाटलीतला रंग उचलला, लक्षात राहायला सोपं म्हणून. पण बाटलीत गंधकाचा ढीग असतो. एका अणूला तसा रंग नसतो. बघ, लांबून समुद्र निळा दिसतो, पण ओंजळीत पाणी घेतलं की…”

“आमचा दर्या निळा नाय, बाई. मातकट हाय.”

वर्ग खो-खो हसला. माझं उदाहरण अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बुडालं. मग तिलाच माझी दया आली असावी.

“मिठाचं म्हना ना, बाई. ढीग पांढराशुभ्र. एकच खडा डोळ्यासमोर धरला तर काचेसारखा, आरपार दिसतं.”

“तसंच,” मी म्हणाले. “अगदी तसंच.” आणि पुढे बोलण्याऐवजी सांगितलं, “आज प्रत्येक गटाने आपापल्या ऑक्सिजनला हवा तो रंग द्यायचा. हायड्रोजनलाही. मेनू असा उघडायचा.”

क्षणभर कोणाला खरंच वाटेना. मग जो गोंधळ उडाला तो दिवाळीच्या आधी रंगवाल्याच्या दुकानातही उडत नाही.

“जांभळा, जांभळा घे!”

“पोपटी दे गं. नाही, तो नाही, तो शेवाळी आहे.”

“बाई, यात चिंतामणी रंग नाहीये?”

“शेजाऱ्यांनी आमचा रंग चोरला!”

“तुमचा काय म्हणून? नाव लिहिलंय का त्यावर?”

मनवेलपाड्याच्या पोरांनी तर सगळंच निळं करून टाकलं, ऑक्सिजनही निळा आणि हायड्रोजनही निळे. आमची टीम म्हणून. पडद्यावर नुसता एक निळा लाडू दिसत होता.

मी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. “यातला ऑक्सिजन कोणता?”

“हा काय. मोठा तो.”

“आणि सगळे सारखेच मोठे असते तर?”

ते एकमेकांकडे बघायला लागले. “मग कसं कळणार, बाई?”

“बदल ना रे एकाचा तरी,” पलीकडच्या गटातून कोणीतरी ओरडलं. “ओळखायला नको?”

‘ओळखायला’ हा शब्द ऐकला आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गिळलेलं ते वाक्य आपसूक वर आलं. “मोठ्या बाईंच्या खोलीतला नकाशा पाहिलाय?” मी विचारलं. “आपला जिल्हा कोणत्या रंगाचा आहे?”

“गुलाबी!”

“मग विरार स्टेशनला उतरल्यावर सगळं गुलाबी दिसतं?”

मुलं हसली, आणि हसता हसता एकेकाचं हसू थांबत गेलं. गोष्ट कळली की चेहरा किंचित मागे सरतो, पडद्यापासून थोडा दूर. सहा पडद्यांच्या उजेडात मी ते पाहत होते.

तेवढ्यात दाराबाहेर चपला काढल्याचा आवाज आला. मोठ्या बाई आत आल्या, छडीसकट. सर धावत खुर्ची घेऊन आले. त्या बसल्या नाहीत. त्यांनी सहा पडद्यांवरचे सहा रंगांचे रेणू पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी माउसकडे पाहिलं.

“हं,” त्या म्हणाल्या. “सांगा. ऑक्सिजनचा रंग कोणता?”

‘रंगहीन’ एवढा एक शब्द हवा होता. मी तो पाठ करून घेतला नव्हता, आणि आता वेळ निघून गेली होती. शेवटी अर्नाळ्याची मुलगी उठली.

“कोनत्या गटातला, बाई?”

सगळा वर्ग फिस्सकन हसला. मोठ्या बाई हसल्या नाहीत. “म्हणजे?”

“म्हंजे आमच्या गटात जांभळा हाय. यांच्यात पोपटी. त्या पोरांनी सगळंच निळं केलंय, त्यांचं त्यांनाच कळत नाय.”

“ए!” पोरं म्हणाली.

“आणि खरा?” मोठ्या बाईंचा आवाज खाली आला. “आपण नाकाने घेतो तो?”

“खऱ्याला रंग नाय, बाई. असता तर आपन एकमेकांना लाल दिसलो नसतो का? हे रंग आपन देतो, वेगवेगळे ओळखू यायला. तुमच्या नकाशात आपन गुलाबी हाय ना, तसं.”

मोठ्या बाईंनी छडी आपोआप उचलली, जणू समोर नकाशाच टांगलाय. “आणि नाशिक?”

“पिवळं!” सगळा वर्ग.

“नाशिकला गेल्यावर सगळं पिवळं दिसतं?”

“लग्नाच्या हळदीला गेलो तर, बाई,” मागून आवाज आला.

आता त्या हसल्या. हसल्या की त्यांचा चष्मा वर सरकतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. “म्हणजे माझा भूगोल लक्षात आहे तर,” त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. “बघू, कसं करतात ते.”

माउस त्यांनी पूर्वी कधी हातात धरला नसावा. त्यांनी तो उचलला आणि छडीसारखा पडद्यासमोर धरला. दोन मुली पुढे झाल्या, अगदी अदबीने तो त्यांच्या हातासकट टेबलावर ठेवला आणि हलवायला शिकवलं. रेणू फिरला. मोठ्या बाई पुढे वाकल्या, त्याला पुन्हा फिरवलं, एकदा उलट्या दिशेने.

“अहो बाई,” त्यांनी मला विचारलं, “पण हे असं वाकडं का?”

त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी सांगायला लागले. ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या असतात, दोन जोड्या हायड्रोजनबरोबर वाटून घेतलेल्या, दोन एकट्या. त्या एकमेकींना ढकलतात. बाकावर चौघी बसल्या आणि त्यातल्या दोघी जरा ऐसपैस असल्या की उरलेल्या दोघींना कसं अंग चोरून बसावं लागतं, तसं. मुलं मान डोलावत होती, एकदोघी शेजारणीकडे अर्थपूर्ण बघत होत्या. मोठ्या बाईंनी मधेच काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, त्यांनी पुन्हा विचारलं. केव्हातरी सरांनी दिवे लावले होते, आणि सगळे डोळे माझ्याकडे होते. ते माझ्या लक्षात आलं तोवर घंटा झाली होती.

जाताना मोठ्या बाई दारात चपला घालत म्हणाल्या, “गुरुवार राहू दे तुमच्याकडे. पण पुढच्या चाचणीला हाच प्रश्न घाला.”

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्या सर्वांना सांगत होत्या, आमच्या नकाशावरून मुलांना रसायन कळलं, भूगोल हा सगळ्या विषयांचा पाया आहे, मी नेहमी म्हणते. गणिताच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात साखर ढवळत होते. साखर आधीच विरघळली होती.

त्याच दुपारी संगणकाचे सर धापा टाकत आले. “मॅडम, मी सांगितलं होतं. तुमच्या सीडीत व्हायरस होता. सगळ्या मशीनवर पाण्याचा रंग बदललाय!” काल ते खोलीतच होते, पण खुर्ची, दिवे आणि मोठ्या बाई यांच्यात त्यांचं पडद्याकडे लक्षच गेलं नव्हतं. मी त्यांना मेनू दाखवला. त्यांनी तो दोनदा उघडून-मिटून पाहिला आणि मग कोणाला न सांगता स्वतःच्या मशीनवरचा ऑक्सिजन नारिंगी केला. तो पुढे वर्षभर नारिंगीच राहिला.

पुढची चाचणी सहामाहीच्या आधी झाली. प्रश्न तोच. पेपर मी पुन्हा जेवणाच्या टेबलावर घेऊन बसले, आणि या वेळी आई आधीच चष्मा लावून शेजारी बसली होती. रंगहीन. रंगहीन. ‘ऑक्सिजनला रंग नसतो, संगणकावर ओळखण्यासाठी देतात.’ अर्नाळ्याच्या मुलीचा पेपर आईनेच शोधून काढला. तिने लिहिलं होतं:

‘ऑक्सिजन रंगहीन, गंधहीन व चवहीन वायू आहे. आमच्या गटात तो जांभळा आहे. आकाश निळे का आहे ते अजून समजले नाही. बाईंना विचारायचे आहे.’

आईने पेपर माझ्यासमोर ठेवला. “घे. आता हिला काय सांगणार?”

मी पूर्ण गुण दिले. मग कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं, ‘गुरुवारी विचार.’